मायावतीचं ग्रहण पाळणारी चाळ

लालबागच्या एका चाळीत एके काळी पोटुशा बायका दर तीन दिवसांनी ग्रहण पाळत होत्या, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. पंचांगात वर्षाकाठी दोन-चार ग्रहणं. या चाळीत महिन्याला तेवढी, कधी जास्तच. आणि या सगळ्याचं मूळ होता लहू, जो स्वतः ग्रहणाबिहणाला दमडीची किंमत देत नव्हता.

लहू दादरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, आणि शास्त्राच्या बाई रजेवर गेल्या की पोरांना लोहचुंबकाचे खेळ दाखवायचे. संध्याकाळी शाळेच्याच एका खोलीत ध्रुव मंडळाची बैठक भरे. तारे बघणारी आठ-दहा डोकी, एक फळा आणि चहाची किटली, एवढंच ते मंडळ. पण लहूचा जीव तिथे रमायचा. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. धुरांडी थंड पडल्यामुळे लालबागच्या गच्चीवरून चांदण्या कधी नव्हे त्या ठसठशीत दिसत होत्या. हे सुख बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती. चाळीत कुणाच्या चुली धड पेटत नव्हत्या, आणि ‘आकाश काय स्वच्छ आहे’ म्हणणाऱ्याला लोकांनी जिन्यावरून खाली ढकलला असता.

त्याला ताऱ्यांचं वेड लावलं ते माझगावच्या विल्फ्रेडनं. हा गोदीतला निवृत्त कारकून, मंडळातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात उत्साही माणूस. त्याचा लाडका तारा मायावती. ययाती नावाच्या तारकापुंजात हा तारा आहे. दिसायला एकच, पण खरे दोन, एकमेकांभोवती फिरणारे. एक झगझगीत, दुसरा मंद. जवळजवळ तीन दिवसांनी मंद तारा झगझगीत ताऱ्याच्या पुढ्यात येतो आणि ती चांदणी चार-पाच तासांत मलूल होते. मग तेवढ्याच वेळात पुन्हा उजळते. दुर्बीणसुद्धा लागत नाही. शेजारच्या चांदण्यांशी तिची तुलना करत मान वर करून बसायची चिकाटी तेवढी हवी. लहूकडे ती होती. घरकामात नसेल, पण इथे होती.

विल्फ्रेडला मात्र ग्रहणापेक्षा त्याच्या वेळेत रस. या दोन ताऱ्यांभोवती आणखी कुणी फिरत असेल तर त्याच्या ओढीनं ते दोघेही जरासे हलणार. आपल्याकडे सरकले की त्यांचा उजेड लवकर पोचणार, ग्रहण लवकर लागल्यासारखं दिसणार. पलीकडे गेले की उशिरा.

“अरे, तुझा बाप रोज त्याच टायमाला निघतो,” विल्फ्रेड समजावायचा. “पण कधी परळवरून निघतो, कधी भायखळ्यावरून. घरी पोचायला फरक पडेल की नाय? दार उघडायच्या आधीच तुला कळेल, तो कुठून आला ते.”

मायावतीला तिसरा तारा आहे, हे मोठ्या वेधशाळांनी कधीच शोधून ठेवलं होतं. विल्फ्रेडला हवा होता चौथा. तोही तारा नव्हे, ग्रह. आपल्या पृथ्वीसारखा काळोखा गोळा, ज्याच्या अंगणात दोन सूर्य उगवतात. जिथे तिघं राहतात तिथे चौथ्याला जागा असतेच, असं त्याचं म्हणणं. आणि चाळीत वाढलेल्या लहूला ते एकदम पटलं.

“आपल्या डोळ्यांना गावेल का पण?” लहूनं एकदा विचारलं.

“नाय गावणार,” विल्फ्रेड खुशीत हसला. “ग्रहाचा फरक सेकंदांचा, आपले डोळे मिनिटं चुकतात. पण आपण बघत राहायचं, वेळ टिपून ठेवायची. मागून कुणी आपल्यापेक्षा शहाणा येईल.”

तो शहाणा आलाही. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले त्या सुमारास, अवकाशात सोडलेल्या एका दुर्बिणीला दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह सापडला. तो मायावतीपाशी नव्हता, दुसऱ्याच एका जोडीपाशी होता. तेव्हा विल्फ्रेड नव्हता, पण लहू होता, आणि त्यानं शेजारीपाजारी पेढे वाटले होते. असो, ती फार पुढची गोष्ट.

संपाच्या त्या हिवाळ्यात लहूच्या स्वतःच्या घरची ग्रहदशा वेगळीच होती. त्याचा बाप विठोबा गिरणीत साचे चालवायचा. तो संपामुळे घरी बसलेला. आई राधाबाई पूर्वी गिरणीतल्या गड्यांसाठी खानावळ चालवायची. संपात गडी कोकणात निघून गेले, तशी तिनं दादरच्या कचेऱ्यांत पोळीभाजीचे डबे पाठवायला सुरुवात केली. लहूचा पगार आणि हे डबे, यांवर घर चाललं होतं. आणि डब्यांतल्या पोळ्या लाटायची लहूची बायको, दमयंती.

दमयंती नायगावच्या पोलीस लाइनीत वाढलेली. धीट, हसरी, आणि कामाला वाघीण. पण तिला पाचवा महिना होता, आणि आदल्या वर्षी पाचव्यातच तिचं मूल गेलं होतं. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: या खेपेला जपायचं, संध्याकाळी पाय पसरून पडायचं, तासन्‌तास उकिडवं बसायचं नाही. आता पोळपाटापुढे बसणारी बाई कशी बसते ते काही डॉक्टरीणबाईंना माहीत नसेल असं नाही.

लहूनं हे आईला एकदाच सांगितलं.

“आराम?” राधाबाईनं कढईतला झारा थांबवला. “मी तुझ्या वेळेला दिवस भरेपर्यंत खानावळीच्या भाकऱ्या थापल्या, झिला. त्या डॉक्टरणीला सांग, ये दोन दिवस इथं आणि घाल कणकेला हात.”

लहू मागे फिरला. तो वाईट माणूस नव्हता, पण आईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटत असे. दमयंतीनं पुन्हा पोळपाट पुढे ओढला, आणि संध्याकाळी तिच्या पायांवर सूज दिसली की लहू गच्चीवर निघून जायचा. गच्चीवरून काही बायकोची सूज उतरत नाही, हे त्यालाही कळत होतं.

मग एक दिवस तो शाळेतून धावतपळत आला. चहा नको, बसायला वेळ नाही, म्हणाला. “आज ग्रहण आहे. सुरूसुद्धा झालं असेल.”

राधाबाईच्या हातातलं पातेलं खाली आलं. “खंयचं गिराण? पंचांगात तर काही नाही.”

“अगं, चंद्राचं नाही. ताऱ्याचं आहे. मायावती म्हणून तारा आहे...”

“लागतं का?”

“लागतं म्हणजे? लागतंच. दर तीन दिवसांनी लागतं.”

“मुंबईत दिसतं?”

“आपल्या गच्चीवरून दिसतं.”

“मग पंचांगवाले झोपले असतील,” राधाबाई म्हणाली, आणि कमरेवर हात देऊन उठली. “दमयंती, ऊठ. ठेव ते लाटणं. ऊठ म्हणते ना! विळीला, सुईला हात लावायचा नाही, काही चिरायचं नाही, काही लाटायचं नाही. तिथं भिंतीला टेकून बस, पाय पसर. ग्रहण सुटेपर्यंत हलायचं नाही.”

लहूनं तोंड उघडलं. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, आणि हा खेळ तर इतक्या लांब चाललाय की तिथून निघालेला उजेड इथे पोचायला पिढ्या जातात, त्याचा पोटातल्या पोराशी काय संबंध! मंडळात हे तो झोपेतसुद्धा म्हणून दाखवी. पण त्यानं पाहिलं, दमयंती भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले आणि लांब निःश्वास सोडला. त्यानं उघडलेलं तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी पोळ्या राधाबाईनं लाटल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा ग्रहण, तेव्हा तिनं नवऱ्याला हाक मारली. “काय हो, बसलायत नुसते? साचा नाही तर लाटणं चालवा.” विठोबा कुरकुरत बसला. पण सुताचा एक धागा तुटला तर नुसत्या बोटांनी ओळखणारे ते हात. दोन-चार नकाशे निघाले आणि मग पोळी अशी गोल फिरू लागली की राधाबाई बघतच राहिली. तिनं कौतुक केलं नाही. कौतुक केलं तर माणूस उठून जातो, असा तिचा अनुभव.

चाळीत बातमी लपते थोडीच? शेजारच्या कौसल्येला सहावा होता. तिनं गॅलरीतून विचारलं, “काय गो दमयंती, आज बसलीस ती?” मायावतीचं कळल्यावर तिनंही घरी जाऊन जाहीर केलं. मग तळमजल्यावरची एक, मागच्या चाळीतली एक. बघता बघता पोटुशा बायकांचा एक कंपूच झाला. ग्रहण लागलं की साऱ्याजणी गॅलरीत भिंतीला टेकून ओळीनं बसत, पेज पीत आणि गप्पा छाटत. नवरे बिचारे पाणी भरत. राधाबाईचा नियम कडक होता: दिवसा लागलेलं ग्रहण दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते पाळायचं नाही. बाकी सगळं ग्रहण रीतसर.

लहू सुखावलाही होता आणि शरमलाही. बायका नळावर त्याला वेळ विचारीत, “लहूभावजी, पुढचं कधी?” मंडळात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलून आलेला हा माणूस मान खाली घालून वेळ सांगे. दमयंतीच्या पायांची सूज उतरली होती. गालांवर रंग आला होता. पाचवा सरला, सहावा लागला, आणि तिनं एका सकाळी त्याचा हात पोटावर ठेवून बाळाची लाथ दाखवली. एवढ्या मोबदल्यात कुणी किती शरम सोसावी? लहूनं ठरवलं, हवी तेवढी.

अडचण आकाशानंच केली. मायावतीचं ग्रहण दर खेपेला तीन-एक तास अलीकडे सरकतं. रात्रीचं संध्याकाळवर येतं, संध्याकाळचं दुपारवर, आणि मग पुष्कळ दिवस ग्रहणं सूर्याच्या उजेडात लागून सुटून जातात. राधाबाईच्या नियमानं ती पाळायची नव्हती. दमयंती पुन्हा पोळपाटापुढे बसली.

लहू माझगावला पळाला. “अंकल, आणखी कुठे ग्रहण लागतं का हो?”

विल्फ्रेडनं चष्म्यावरून पाहिलं. शिष्याची ही अभ्यासू वृत्ती बघून त्याचं मन भरून आलं. “लागतं ना! वृषभेत एक तारा आहे, जवळपास चार दिवसांचा. मायावतीसारखा नखरा नाय, पण अंधारतो. बघशील?”

“आजच बघतो,” लहू म्हणाला, आणि इतक्या तळमळीनं ताऱ्यांच्या जोड्या कुणी शोधल्या नसतील. चाळीत त्या नव्या ग्रहणाचं नाव पडलं ‘बैलाचं गिराण’. ते फारसं दिसत नाही अशी तक्रार आली, पण बसायला कुणी नाही म्हटलं नाही.

तरीही एक दिवस असा आलाच की मायावती नाही, बैल नाही, आणि दमयंतीचे पाय टम्म सुजलेले. लहूनं दारातूनच सांगितलं, “आज आहे.” राधाबाईनं मुकाट लाटणं नवऱ्याकडे सरकवलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर दमयंती गॅलरीत त्याच्याजवळ आली. “आज नव्हतं ना?”

लहूनं मान वर करून आकाशाकडे पाहिलं.

“मलाही मोजता येतं. बसून बसून काय करणार, मोजायला शिकले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही ताऱ्यांच्या बाबतीत कधी खोटं बोलत नव्हता. आईंना समोर उभं राहून सांगा ना, दमयंतीला बसू दे म्हणून. त्या आभाळातल्या बाईला कशाला मध्ये घालता?”

“सांगितलं तर तू पुन्हा पोळपाटाला बसशील. सातवा लागलाय.”

“बसेन. नाहीतर आई ऐकतील. न सांगताच तुम्हाला कसं कळलं, काय होणार ते?”

मंडळातला एवढा वेध घेणारा माणूस, पण आपल्या आईच्या मनाचा वेध त्यानं एकदाही घेतला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात मंडळानं ठरवून टाकलं की लालबागच्या व्यायामशाळेत ग्रहणांवर भाषण ठेवायचं, आणि बोलणार लहू, कारण वस्ती त्याची. विल्फ्रेडनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “तुझ्याच माणसांची भीती घालव. दुसरं पुण्य नाय.” खरं बोलावं तर दमयंतीची भिंत गेली. गुळमुळीत बोलावं तर मंडळात कुठल्या तोंडानं बसायचं?

भाषणाला व्यायामशाळा भरली. संपातल्या माणसांना वेळच वेळ होता. बायकांच्या बाजूला दमयंती, कौसल्या आणि झाडून सारा कंपू. आणि पुढच्या सतरंजीवर पदर सावरून राधाबाई, मुलाचं भाषण ऐकायला नेसणीतलं चांगलं लुगडं नेसून आलेली. लहूनं पेटता बल्ब टांगला, लिंबू घेतलं, सूर्यग्रहण दाखवलं, चंद्रग्रहण दाखवलं. मग दोन बल्ब एकमेकांभोवती फिरवून मायावती दाखवली. लोक वाहवा म्हणाले.

कौसल्येनं हात वर केला. “भावजी, ते ठीक. पण मायावतीच्या ग्रहणानं पोराला काय होतं ते सांगा की. आम्ही एवढ्या बसतोय.”

लहूनं आईकडे पाहिलं. मग दमयंतीकडे. तिनं हळूच मान हलवली.

“काही होत नाही,” तो म्हणाला. “मायावतीच्या नाही, चंद्राच्या नाही, सूर्याच्याही नाही. ग्रहणात बाई उठली, बसली, भाजी चिरली, पोराला काडीचंही काही होत नाही. माझ्या बायकोला डॉक्टरांनी आराम सांगितला होता. ते आईला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून मी तारा पुढे केला. एकदा तर ग्रहण नसताना आहे म्हणून सांगितलं. तारा खोटा नाही. मी खोटा.”

मागून कुणीतरी खो खो हसला, आणि सगळी व्यायामशाळा हसू लागली. विल्फ्रेड चष्मा काढून डोळे पुसत होता. हसून की कशानं, ते कळलं नाही. कौसल्या तेवढी वैतागली. “म्हणजे आता आम्ही उठायचं काय?” हसली नाही ती एकटी राधाबाई. ती समोरच्या विझलेल्या बल्बकडे बघत होती.

घरी येताना ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. लहूला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण जिना चढून आल्यावर ती खोलीत न जाता गॅलरीतच टेकली. विठोबा आत गेला. लहू आणि दमयंती दारात उभे राहिले.

“झिला,” ती म्हणाली, “खरंच काही होत नाही?”

“नाही, आई. चुकलो मी, पण...”

“तुझं चुकणं राहू दे. विळीवर बसलं तरी होत नाही? सातवा असला तरी?”

“तरीही नाही.”

राधाबाईनं मान खाली घातली. मग जमिनीकडे बघत बोलू लागली. “तुझ्याआधी एक मुलगी होती मला. सातव्यात असताना ग्रहण लागलं. सासू म्हणाली बस. पण गडी जेवायला यायचे होते, एकटीच होते मी खानावळीत. बसले विळीवर आणि बांगडे कापले. मुलगी झाली ती ओठ फाटलेली. तिला दूध ओढता येईना. बारशापर्यंतसुद्धा राहिली नाही. सासू म्हणाली, तुझ्या विळीनं कापला तिचा ओठ. सगळे म्हणाले. मीही म्हणत आले. म्हणून हिला बसवलं मी. डॉक्टरीण काय, सगळ्यांनाच आराम सांगते. पण ग्रहण म्हटल्यावर माझे हातपाय गळाले.”

लहूला आजवर कुणी सांगितलं नव्हतं की त्याला बहीण होती. तो तिथेच खाली बसला. कुठल्याही पुस्तकातलं त्याला काही आठवेना. बोलली ती दमयंती. ती आधी खांबाला धरून खाली टेकली, मग सासूचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

“आई, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. आम्ही सगळ्याजणी बसत होतो ना, म्हणून सगळ्यांच्या वतीनं विचारलं, ग्रहणात ओठ फाटतो का. त्या म्हणाल्या, पोराचा ओठ तिसरा महिना लागायच्या आतच जुळतो. जुळायचा तर तेव्हा जुळतो, राहायचा तर तेव्हाच राहतो. ते कुणाच्या हातात नसतं. तुम्ही सातव्यात विळीवर बसलात, आई. त्याच्या कितीतरी आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं.”

“आधीच?”

“कितीतरी आधी.”

“म्हणजे माझ्या हातून नाही झालं?”

“नाही, आई.”

राधाबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडली, आणि मोठ्यानं रडली, शेजारची दारं उघडण्याइतकं. लहू तिला धरून बसला. खूप वेळानं ती म्हणाली, “मी तिच्या तोंडाकडे धड बघितलंसुद्धा नाही रे. आंघोळ घालताना मान फिरवायचे. भीती वाटायची, आपण केलेलं दिसेल म्हणून.” आणि लहूला वाटलं, आपण पहिल्याच दिवशी, कणकेचं पातेलं खाली आलं तेव्हाच, खरं बोलायला हवं होतं. तारा दिसतो म्हणून आपण तासन्‌तास बघत बसलो. आई समोर होती, ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी राधाबाईनं गॅलरीत उभं राहून निकाल दिला. “गिराणबिराण काही नाही. पण सातवा-आठवा असेल तिनं संध्याकाळी बसायचं. रोज बसायचं. आणि कुणाच्या नवऱ्याला पोळ्या जमत नसतील तर आमच्याकडे शिकायला पाठवा.” विठोबाची शिकवणी खरंच सुरू झाली. कौसल्येचा नवरा पहिला विद्यार्थी, आणि अगदी ढ.

मायावती पुन्हा संध्याकाळच्या आकाशात अंधारायला लागली तो दिवस आला. लहू गच्चीवर गेला. दिवेलागणीनंतर जिन्यावर पावलं वाजली. राधाबाई एका हातात विळी आणि दुसऱ्या हातात बांगडे भरलेली टोपली घेऊन वर आली. मागून दमयंती, एकेका पायरीवर थांबत, विठोबाचा हात धरून.

“कुठं आहे ती तुझी?” राधाबाईनं विचारलं. लहूनं बोट दाखवलं. तिनं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच ती ग्रहणाकडे डोळे उघडे ठेवून बघत होती.

“आता अगदी मलूल आहे का?”

“आणखी थोडा वेळ. आता झाली. याच्यापेक्षा अंधार होत नाही.”

राधाबाई खाली बसली. पायाखाली विळी दाबली, टोपलीतून बांगडा उचलला आणि पात्यावर धरला. दर वेळी तिची नजर दमयंतीच्या पोटाकडे जात होती. तिनं एक कापला, दुसरा कापला. दमयंती पाय पसरून समोरच बसली होती, पोटावर हात ठेवून, अगदी निवांत. तिसरा बांगडा राधाबाईनं तिकडे न बघताच कापला.

मग विठोबा उठला आणि बायकोच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला. हा माणूस संपाच्या सभेतसुद्धा कधी चार वाक्यं सलग बोलला नव्हता.

“मी बघायचो तिला,” तो म्हणाला. “कापसाचा बोळा दुधात बुडवून मीच पाजायचो ना. तू झोपलीस की बघत बसायचो. डोळे तुझे होते, राधे. असेच मोठे.”

राधाबाईच्या हातातलं काम थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“आणि केस?” तिनं विचारलं.

विठोबा सांगू लागला. त्या संध्याकाळची मायावतीची वेळ लहूकडून टिपायची राहून गेली.